ओटीचा नारळ विमानाने

८ नोव्हेंबर २००५, सापगाव
मुरबाडला पत्रकारांना बोलावणं. सरकारी साहेब सांगत होते : लहान विमानांच्या इंधनावरचा कर उतरवला, लहान शहरं जोडणार, विमानात आता सामान्य माणूस बसणार. विचारलं, "मुरबाडचासुद्धा?" म्हणाले, "का नाही?" ज्या गावाला रेल्वे दिसली नाही, त्याला एकदम विमान. मधली पायरी गाळायला धैर्य लागतं. बातमीत हे घातलं. शिवाय फुकट विमानप्रवासाचा आपला जुना दाखला, त्रिशंकूचा : चढवलं एकाने, आत घेतलं नाही दुसऱ्याने, राहिला मधेच लटकत. दोन्ही कापतील बहुधा.

११ नोव्हेंबर
लेकीचा, शुभाचा, नागपूरहून फोन. सातवा चालू. डॉक्टर म्हणतात, माहेरी खुशाल जा, पण रात्रभर गाडीत हादरत नको. गेल्या वर्षी दिवाळीला गाडीनेच आली होती, तिसरा चालू असताना, आणि सगळं… गाडीमुळे झालं असं घरात कोणी म्हणत नाही. गाडीमुळे नाही, असंही कोणी म्हणत नाही.

सौ.चा सिद्धान्त तयार : पहिलं बाळंतपण माहेरी. आठव्यात उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे महिनाअखेरच्या आत. "आणि मुराळी गेल्याशिवाय लेक यायची नाही. तुम्ही जा आणायला."
"आणू कशाने?"
"विमानाने. तुम्हीच लिहिलंय ना, सामान्य माणूस बसणार म्हणून?"
संपादकांनी बाकी सगळं कापून नेमकं तेवढंच छापलंय.

१३ नोव्हेंबर
कल्याणला एजंटकडे. स्वस्त तिकिटं खरोखरच असतात! पंचवीस तारखेची दोन मिळाली. शुभासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. जाताना मी आगगाडीने; मला हादरे चालतात.

बबन, शेजारी, मुरबाड-कल्याण जीप चालवतो. अंगणात भात झोडताना : "तात्या, तुमी इमानात बसनार? खिरकीतनं थुकू नका हां. खाली आमी हाव." मग पेंढी आपटता आपटता, माझ्याकडे न बघता, "शुबीला घ्यायला माजी जीप. भाड्याचं नाव काढाचं नाय."

२४ नोव्हेंबर, नागपूर
शुभा बरी दिसते. बोलते कमी. विहीणबाईंनी ओटी भरली : खण, तांदूळ, नारळ. मला म्हणाल्या, "काहून इतके घाबरून राहिले व्याही? जहाज काय तुम्हाले चालवाचं आहे?"

सौ.चा फोन. "ओटीतला नारळ फोडायचा नाही, मागे सोडायचा नाही. घरी देवापुढे आला पाहिजे." न्यायशास्त्र शिकलो, पण सौ.च्या विधानाला उत्तरपक्ष नसतो.

२६ नोव्हेंबर, सापगाव
काल आलो. लिहायला आज बसलो.

विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून ओटीची पिशवी गेली आणि थांबवली. नारळ आत नेता येत नाही. "ओटीचा आहे हो." नियम म्हणजे नियम. शुभाने पिशवी घट्ट धरली. चेहरा गेल्या वर्षीच्या दिवाळीचा. शकुन-अपशकुनांची जन्मभर थट्टा केली मी. तिथे एकही विनोद सुचेना.

तपासणीवर बाई पोलीस होत्या. हळूच विचारलं, "कितवा?"
"सातवा," शुभा म्हणाली.
"मग सोडून जाऊ नका. काका, तुम्ही मागे काउंटरवर जा, सामानात टाकायला सांगा. ताई बसतील माझ्यापाशी." तांदूळ त्यांनी स्वतः शुभाच्या पदरात घातले. "तांदळाला काही नियम नाही."

काउंटरवरच्या मुलीने खणात बांधलेल्या एकट्या नारळाला टॅग बांधला, वर 'नाजूक' अशी पट्टी. हसली नाही. तिचं भलं होवो.

वर गेल्यावर शुभा चक्क झोपली. मुंबई आली, पण विमान उतरेना. घिरट्या. धावपट्टी मोकळी नाही म्हणे. शुभा जागी, हात पोटावर. "बाबा, काय झालं?"
त्रिशंकू आठवला. संपादकांनी कापला, बरं केलं.
"रांग आहे गं. कल्याणच्या बाहेर गाडी थांबते, तसं."
थोड्या वेळाने : "हलतंय, बाबा."
"विमान?"
"नाही हो. हा."
"त्याला सांग, आधी आपण उतरतो. त्याने अजून दोन महिने घिरट्या घालाव्यात."
हसली. माझे खांदे तेव्हा खाली आले. विमान नंतर.

सामानाच्या पट्ट्यावर सुटकेसांच्या मागून लाल खणातला नारळ, गळ्यात टॅग, एकटाच फिरत आला. सुटाबुटातले एक गृहस्थ अदबीने बाजूला सरले. मी हात जोडले. कोणाला, ते विचारू नये.

बाहेर बबन. जीपमध्ये मागे नव्या भाताचा पेंढा जाड पसरलेला, त्यावर त्याच्या आईची गोधडी. भिवंडीच्या रस्त्याला सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले.
"बबन, जरा पळव की."
"तुमी गप बसा, तात्या. इमान तुमचं, रस्ता माजा."

सौ.ने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आधी लेकीकडे पाहिलं, मग नारळाकडे. माझी पाळी चहाच्या वेळी आली.

१ डिसेंबर
आठवा लागला. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, ठोके छान आहेत. शुभा दोन्ही वेळा जेवते आणि मीठ कमी-जास्तवरून आईशी भांडते. घरात पुन्हा भांडण ऐकू येतंय. कानांना गोड लागतं.

नारळ देव्हाऱ्यात. टॅग सौ. काढू देत नाही. "राहू दे. नीट आलाय, तिच्यासकट."

संपादकांचा फोन : स्वस्त विमानाचा अनुभव लिहा. लिहायला घेतलं, 'योजना चांगली दिसते.' सौ.ने खांद्यावरून वाचलं. "इतक्यात चांगली म्हणू नका, दृष्ट लागेल. फेब्रुवारी येऊ दे आधी."

'चांगली' खोडलं. 'योजना दिसते' एवढंच उरलंय. पाठवलं नाही अजून.