वहिनीच्या कुंपणातलं कोलंबाइन

प्रिय वहिनी,

तुझ्या कुंपणाशी कोलंबाइन फुललंय. जांभळ्या पाकळ्या, आत पांढरी किनार, हुबेहूब माझ्या बारमाही वाफ्यातलं. गल्लीत असं दुसऱ्या कुणाकडेच नाही. मी घरात नसताना माझ्या वाफ्यात कोण शिरलं होतं गं?

तू म्हणशील, "बिया तुम्हीच दिल्यात ना, वन्सं?"

दिल्या होत्या, दोन वर्षांपूर्वी, कागदाच्या पुडीत. पण त्याआधी मी त्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्या होत्या. त्यातली एकही उगवणं शक्य नाही.

आता हे कबूल केल्याशिवाय तुला चोर म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहणार.

काल सगळ्यांसमोर तू मला पहिला गुच्छ दिलास. "तुमच्याच बियांचा," म्हणालीस. तेव्हा एवढी हसलीस का?

तुझी,
वन्सं