अंगठा वर ओढ

११ जानेवारी, रविवार

एमआरआयची फिल्म आली. पिशवी एवढी मोठी की शेअर रिक्षात शेजारच्या माणसाच्या मांडीवर गेली. रिपोर्ट इंग्रजीत. एल चार-एल पाच एवढं कळलं, कारण आमच्या प्लांटात पाइपलाइनीवर असेच नंबर रंगवलेले असतात. खोलीत येऊन फिल्म खिडकीला धरली. घरमालकीण काकी बाहेर मासळी साफ करत होत्या, तशाच ओल्या हातानं आल्या.

"हा तर पापलेटाचा काटा दिसतो रे."

"माझी पाठ आहे ती, काकी."

"मंग काटा तर सरळ हाय की. मोडलाय कुटं?"

मोडलेला नाही. तेच तर कळत नाही.

दोन महिने झाले. आमचं काम रिअॅक्टरमध्ये पावडर ओतायचं. पन्नास किलोची बॅग, शिफ्टला चाळीस. त्या दिवशी बॅग घेऊन वळलो आन कमरेत कुणी टिचकी मारल्यासारखं झालं. एवढंच. मग डाव्या कुल्ल्यातून पोटरीत, पोटरीतून अंगठ्यात करंट. कंबर दुखते म्हणावं तर कंबर एवढी नाहीच. पाय दुखतो. फोटो मात्र कमरेचा काढला.

शुक्रवारी पालघरला मणक्याच्या डॉक्टरकडे.

१३ जाने., मंगळ. सेकंड शिफ्ट.

रामसजन भैया बॅगांवर माझा जोडीदार, बिहारचा. मागच्या साली त्याचा मुतखडा दुर्बिणीतून काढला. "दूरबीन वाला करवा ले। चौथे दिन ड्यूटी पे था मैं।" मणक्याचं पण दुर्बिणीतून होतं म्हणे. म्हणजे तीन दिवस. तीन दिवस सुट्टी सुपरवायझर देतील.

पण आमच्या गावात सुताराच्या बापूचं मणक्याचं ऑपरेशन झालं आन तो बाजेवरून उठलाच नाही. मी लहान होतो तेव्हा. एक चौथ्या दिवशी कामावर, एक कायमचा आडवा. दोन्ही खरं कसं काय असेल?

१६ जाने., शुक्र. सुट्टी. पालघर.

लिहायला लाज वाटते. लिहितो.

निघताना दुखण्याची गोळी खाल्ली. एक नाही, दोन. कुणी सांगितलं नव्हतं. गेटपास नवा करताना कंपनीत मेडिकल असतं, तेव्हा आम्ही सगळेच खातो. कंबर दुखते? नाही. चक्कर? नाही. दम लागतो? नाही. एक हो म्हणलं की गेट बंद. अशी पाच मेडिकल काढली मी. तोंडाला सवयच लागली.

डॉक्टरांपुढं पण तेच. पाय उचलल्यावर कळ जाते? नाही साहेब. मुंग्या? नाही. चालताना? नाही.

डॉक्टर फिल्मकडं बघतात, माझ्याकडं बघतात. "फिल्म एक सांगते, तू एक सांगतोस." मग डाव्या पायाचा अंगठा धरला. "वर ओढ." ते खाली दाबणार, मी वर. दात खाऊन धरला.

"थोडा कमी वाटतो."

"बूट घट्ट होता, साहेब."

म्हणले, बऱ्याच जणांचं ऑपरेशनशिवाय आपोआप बसतं. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, व्यायाम करायचा, मग बघू. पण अंगठा किंवा पाऊल ढिलं पडलं, लघवीला अडलं, तर त्याच दिवशी यायचं. कागदाच्या मागं चित्र काढून दिलं.

बाहेर आलो तर पास झाल्यासारखं वाटलं. वडापाव खाल्ला. खाताना वाटलं, पास झालो ते कशात?

१९ जाने., सोम. फर्स्ट.

राऊतसाहेबांना, म्हणजे सुपरवायझरना, हलकं काम मागितलं. "हलकं काम ऑफिसात असतं. शिक्षण किती रे तुझं?" सातवी. सगळे हसले. मी पण हसलो. पट्टा आवळून चाळीस बॅगा केल्या.

रोज अंगठ्याचं लिहायचं ठरवलं.

अंगठा: वर येतो.

२१ जाने., बुध.

डॉक्टरच्या चित्रावर विचार केला. दोन पाइप जोडतात तिथं मधे गॅस्केट असतं, रबरी चकती. एका बाजूचा बोल्ट जास्त आवळला की गॅस्केट दुसऱ्या बाजूनं फुगून बाहेर येतं. माझं तेच. दोन मणक्यांमधली गादी बाहेर आली आन शेजारच्या नसेवर बसली. ती नस पायात जाते. म्हणून पाय दुखतो. इथपर्यंत बरोबर बसलं.

पण आम्ही फुगलेलं गॅस्केट काढून फेकतो आन नवं टाकतो. डॉक्टर म्हणले, ऑपरेशन झालं तरी नवं काही टाकत नाही, बाहेर आलेला तुकडा तेवढा काढतो. मग मधे राहतं काय? परत गळणार नाही? विचारायला पाहिजे होतं. पास व्हायच्या नादात

अंगठा: अर्धा.

२३ जाने., शुक्र.

दुखणं कमी. खरंच कमी, गोळी न खाता. खुशीत गेटपासून कुंभवलीतल्या खोलीपर्यंत चालत आलो. काकी दारातच.

"फटाक फटाक काय वाजतंय रे? डावाच पाय वाजतो तुजा."

"चप्पल ढिली झाली."

"मंग बदल की."

संध्याकाळी नवी आणली. नवी पण वाजते.

दुखणं गेलं आन पाय वाजायला लागला. बरं होतंय का बिघडतंय? दुखत नाही म्हणल्यावर बरंच होत असणार.

अंगठा: बघितला नाही.

२६ जाने., सोम. फर्स्ट.

गेटवर झेंडावंदन, मग शिफ्ट. जाळीच्या जिन्यावर बॅग घेऊन चढताना डावं पाऊल अडकलं. बॅग फुटली, पांढरा धूर. मी कठडा धरून वाचलो.

"अबे, पैर उठा के चल!"

"उठाया तो था।"

उचललाच होता. माझ्या मते उचलला होता.

राऊतसाहेबांनी लांबून बघितलं आन पाठ फिरवून गेले. ते शिव्या देतात तेव्हा बरं असतं.

रामसजननं बूट काढायला लावला. "अब अंगूठा उठा।" दोघं वाकून बघत बसलो. बाकीची बोटं जराशी हलली. हा आपला पडून. रामसजन म्हणला, "मेरी पथरी में तो ऐसा नहीं था।"

२७ जाने., मंगळ. पालघर.

गोळी खिशात होती, खाल्ली नाही. खुर्चीवर बसल्याबरोबर सांगून टाकलं. "साहेब, मागच्या टायमाला दोन गोळ्या खाऊन आलो होतो. जेवढं नाही म्हणलं तेवढं सगळं हो होतं."

वाटलं ओरडतील. चष्मा काढून डोळे चोळले. "एमआयडीसीतले तुम्ही सगळे इथं परीक्षेला आल्यासारखे येता. मी कुणाला नापास करतो का रे?"

अंगठा धरला. वर ओढ म्हणले. लगेच सोडला.

ऑपरेशन करायचं, आठवड्याच्या आत. दुखणं कमी झालं म्हणजे नस मोकळी झाली असं नाही, दबून गप झालेली पण असू शकते. हे मला उलटंच वाटत होतं.

वहीतले प्रश्न वाचून दाखवले. म्हणले, भोक नखाएवढं. पाठीचा स्नायू कापत नाहीत, सारून नळी घालतात आन टीव्हीवर बघत तुकडा काढतात. म्हणून दुसऱ्या दिवशी उभं करतात. नळीतून नीट दिसलं नाही तर चीर वाढवावी लागते, त्याची सही आधीच घेतात. उरलेली गादी तिथंच राहते, मधलं काम तीच करते. पण कातडी भरली म्हणजे ती भरली असं नाही. तुकडा परत बाहेर येऊ शकतो. सहा आठवडे तर वाकायचं पण नाही.

"भोक लहान आहे रे. आतलं काम लहान नाही."

"मग परत बॅगा?"

"मी तुझ्या जागी असतो तर नसत्या उचलल्या."

"अंगठा येईल?"

"दाब काढणं माझं काम. उचलणं नसेचं. येईल असं वाटतं, लिहून देत नाही. लवकर आला असतास तर"

एवढं म्हणून कागद लिहायला लागले. सोळा ते सत्तावीस. अकरा दिवस. ते माझे.

म्हणजे ऑपरेशन बॅगांसाठी नाही. पायासाठी. पण पाय कशासाठी, तर बॅगांसाठीच ना. डोकं चालत नाही.

सुताराच्या बापूचं विचारलं. म्हणले, मी त्याला बघितलेलं नाही, मी तुझं सांगतो.

३० जाने., शुक्र.

ऑपरेशन रेशनकार्डावरच्या योजनेत बसलं. म्हणजे कंपनीला कळायचं कारण नाही. रामसजन म्हणतो, "टाँका बनियान के नीचे। गेट वाला डॉक्टर कहाँ देखेगा?" खरं आहे. मेडिकलला बनियन वर करायला कुणी सांगत नाही. एवढीशी खूण, सहज लपेल. मोठी चीर असती तर लपवताच आली नसती. लहान आहे हे बरं का वाईट?

राऊतसाहेबांना फोन केला. गावाकडं लग्न आहे.

"कुणाचं?"

"बहिणीचं."

बहिणीचं होऊन दोन वर्षं झाली. दिवस किती विचारलं, बघतो म्हणलो.

मायचा फोन. "आवाज काहून बारीक येतोय रे तुझा?" काही नाही. "जेवला का?" हो. "मग काय झालं?" नाही, काही नाही.

मला दुसरा शब्द येतो का नाही?

अंगठा: नाही.

२ फेब्रु., सोम. पालघर, दवाखाना.

सोबत कुणीतरी पाहिजे म्हणले, तर काकी आल्या. फॉर्मवर नातं विचारलं. काकी म्हणलो, तसंच लिहिलं त्यांनी.

सहीचा कागद म्हणजे आमच्या परमिटसारखा. लाइन खोलायच्या आधी परमिट निघतं, आन ज्याची सही तोच आत उतरतो. इथं सही माझी, आत उतरणार दुसरे, आन लाइन पण माझीच. पूर्ण वाचून दाखवा म्हणलो. नर्सनं वाचला. अर्धा कळला. केली सही.

मग तिचे प्रश्न. शुगर? नाही. तंबाखू? नाही. सकाळपासून काही खाल्लंप्यायलं? नाही. कुठली गोळी? नाही.

तिनं पान उलटलं. काकी माझ्याकडं बघत होत्या. पहाटे त्यांनीच चहा दिला होता, उपाशी पोटी अंगात ताकद कुठून येणार म्हणून. आन त्या चहाबरोबर मी गोळी खाल्ली. निघताना, सवयीनं. ऑपरेशनला निघालेला माणूस.

ती दुसऱ्या खाटेकडं वळली. चार पावलं गेली असेल.

"सिस्टर, थांबा."

सगळं सांगितलं. चहा, गोळी, तंबाखू पण. ती लय चिडली. कागदावर लिहून दिलं होतं ना, काही घ्यायचं नाही म्हणून? काकी मधे पडल्या. "मीच दिला चा, माज्या हातानं. मला काय ठाव. त्याला नको ओरडू." भूल देणारे डॉक्टर आले. परत पहिल्यापासून विचारलं. या वेळेला एकेक आठवून सांगितलं, वेळ लागला. म्हणले, आज होईल का उद्या, सांगतो. पण सांगितलंस ते बरं केलंस.

आता पडून आहे. मायला सांगितलं. तिनं दवाखान्याचं नाव दोनदा विचारलं. मग म्हणली, कुठली गाडी पकडू.

राऊतसाहेबांचा फोन दोनदा येऊन गेला. घेतला नाही. परत येईल. लग्न कधीचं विचारतील. काय सांगायचं ते अजून

वॉर्डातली मावशी चाकाची खुर्ची घेऊन दारात आली आहे. माझ्यासाठी का शेजारच्यासाठी, कागद बघते आहे. काकी वही मागतात. "लिव काय ते पटकन आन दे इकडं."

चादरीखाली बघतो.

अंगठा: