तुमचा ओठ मी रंगवला

अण्णा, तुमचा ओठ मी रंगवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आडवळणं घ्यायला नकोत. तुम्ही गेल्यापासून तुमचा फोटो खेडच्या आपल्या घरात दर्शनी भिंतीवर होता. तोच, स्टुडिओत टायमर लावून तुम्ही स्वतःच काढलेला. खालचा ओठ अर्धा पांढरा, डाव्या डोळ्याभोवती पांढरं कडं. "मी गेलो की हाच लावा, तिशीतला गोरागोमटा शोधत बसू नका," असं बजावून ठेवलं होतंत. आईने तेव्हा तोंड फिरवलं होतं. तुम्ही मात्र त्या फोटोवर इतके खूश, की फ्रेमसुद्धा स्वतःच करून आणलीत.

गेल्या महिन्यात मी तो खाली उतरवला आणि त्या जागी दुसरा लावला. तुमच्या नातीला बघायला गुहागरकडची माणसं येणार होती. मुलगा नोकरीला, घरचं पोफळीचं आगर, माणसं चांगली. दोघं फोनवर बोलली होती, आणि पोरगी फोन ठेवून स्वयंपाकघरात आली तेव्हा उगाचच हसत होती. "घर जरा नीट दिसू दे हं," बायको म्हणाली. तिने पडदे धुतले, मी तुम्हाला धुतलं. कॉम्प्युटरवर हे फार सोपं असतं, अण्णा. उजव्या गालावरची चांगली कातडी उचलायची आणि पांढऱ्यावर बसवायची. कडा मऊ करायच्या, ओठाला किंचित लाली द्यायची. तुम्ही पेन्सिलीला टोक काढेपर्यंत उरकतं. तुमचं कोड असं गेलं, की कधी नव्हतंच म्हणावं. तुम्ही किती वर्षं मलमं चोळलीत हो!

मला कळत नव्हतं असं नाही. कळायला तुम्हीच शिकवलं होतंत. मी एकोणीस वर्षांचा असेन, निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला नुकताच शिकलो होतो. आतल्या गावातली एक म्हातारी मुलाला घेऊन आली होती. मुलगा मुंबईला कामाला, त्याला खोलीत लावायला आईचा फोटो हवा होता. मी अगदी जीव ओतून काम केलं. सुरकुत्या भरल्या, आणि त्या नादात तिच्या कपाळावरचं नि हनुवटीवरचं गोंदणही भरून टाकलं. प्रिंट बघून मुलगा म्हणाला, "फोटू बेस हाय, पन ही आमची आये न्हाय." म्हातारी वाकून बघायला लागली. "ह्ये काय केलास रे पोरा? माज्या आयशीनं गोंदवलान त्ये!" मी दात काढत म्हटलं, "आजी, तरुण दिसतेस की!" तुम्ही डार्करूममधून हात पुसत बाहेर आलात. माझ्यावर ओरडाल असं वाटलं होतं, पण तुम्ही आधी तिची माफी मागितलीत, तिला पुन्हा खुर्चीत बसवून फोटो घेतलात, आणि ती दोघं गेल्यावर माझ्याकडे वळलात. "गाढवा, निगेटिव्हवर पडलेला डाग काढायचा. माणसाच्या अंगावरची खूण काढणारा तू कोण?" त्यानंतर कितीतरी महिने निगेटिव्ह हातात दिलीत की तुम्ही एवढंच विचारायचात: डाग की खूण? मी नीट उत्तर दिलं तरच पेन्सिल मिळायची.

तर पाहुणे आले. मुलाची आई पाण्याचा पेला हातात घेऊन भिंतीकडे बघत राहिली आणि एकदम खुलली. "अय्या, हेच ते आपले फोटोवाले अण्णा! माझ्या लग्नाचे फोटो ह्यांनीच काढलेले! मी रडून रडून डोळे सुजवून घेतले होते, काहीतरी बोलून हसवलं होतं मला." मग जवळ गेली, चष्मा सारखा केला. "पण ह्यांना कोड होतं ना हो? इथे, ओठावर?"

मी काय म्हणालो असेन, अण्णा? "छे हो, दुसरं कुणी असेल." तुमच्या फोटोखाली उभं राहून म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पोरगी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आजोबांना कोड होतं. चांगलं मोठं होतं. बाबांनी फोटोतून काढलंय." मुलाची आई खाली बसली. "अहो, कोडाचं काय एवढं? आम्हाला सगळं ठाऊक होतं, ठाऊक असूनच आलो आम्ही. पण हे असं करायला नको होतं तुम्ही." पोहे खाल्ले, चहा घेतला, निघताना नमस्कारही नीट केला. चार दिवसांनी फोन आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळवूनच तर ती माणसं आली होती! पोरगी मला एवढंच म्हणाली, "आजोबांच्या कोडाने मोडलं नाही, बाबा. तुमच्यामुळे मोडलं." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढते, पण माझ्याकडे बघत नाही. तुमचा मूळ फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच स्टुलावर चढून परत लावला. मी स्टूल धरायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे."

तुमच्यापाशी एक जुनी गोष्ट आहे, ती तुम्ही कधी काढली नाहीत. मी आठवीत होतो. कोड तुमच्या ओठावर नुकतं उतरलं होतं. वर्गाचा ग्रुप फोटो काढायला तुम्ही शाळेत आलात. मुंबईहून नवीन आलेला एक मुलगा माझ्या शेजारी उभा होता. "ते तोंड रंगवल्यासारखं कोण आहे रे?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "आमच्या दुकानात कामाला आहे." तुम्ही चार हातांवर होतात. ऐकलंत, मला ठाऊक आहे, कारण कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली जाता जाता थांबलात. मग म्हणालात, "दुसऱ्या रांगेतला, जरा डावीकडे सरक बाळा." मी सरकलो. घरी आल्यावर तुम्ही मला नेहमीसारखं हाक मारून जेवायला बसवलंत. त्या घासाची लाज मला अजून वाटते.

हे पत्र मी दुकानात बसून लिहितोय, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. कुठे पाठवणार? वाचून दाखवावं म्हटलं तर एकच माणूस आहे, तुमची नात, आणि तिच्यासमोर तोंड उघडायची माझी हिंमत नाही. घरात सगळ्यांना वाटतं, बापाने मुलीच्या काळजीपोटी मूर्खपणा केला. बायको तर तेच सांगून तिची समजूत घालते. मीही मान हलवतो. पण अण्णा, स्थळ आलं तेव्हा मी फक्त प्रिंट काढली. फाईल तीन वर्षांपूर्वीच, पोरीच्या लग्नाचा विषयही नसताना, तयार होती. अधूनमधून उघडून बघायचो. त्यात तुम्ही फार छान दिसता.