नवा करार आणि थर्माकोलचं हृदय

कारंजा (घाडगे), सोमवार

आदरणीय मधुकरराव यांस,

आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे हेमराजचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडून झाल्यावर मग पेन उचललं.) आपली तब्येत, वहिनींचा गुडघा आणि चि. गजेंद्रची संत्र्याची बाग हे तिन्ही यंदा बरे असतील अशी आशा करतो. इकडे शकू बरी आहे, वर्षाली बरी आहे, मीही बराच आहे. कारंज्याहून आष्टी काही परदेशात नाही, पण आपण माझा फोन उचलत नाही, तेव्हा पोस्टमनलाच त्रास देतो.

गेल्या आठवड्यात इथल्या ख्रिस्ती मंडळींची सभा झाली. मंडप आणि साउंड अर्थातच ‘वर्षाली मंडप डेकोरेशन’चा. एका भोंग्यावर आणि मागून आणलेल्या सायकलवर मी हा धंदा उभा केला हे आपण जाणताच. गणपती असो, भागवत सप्ताह असो, बुद्धजयंती असो, मी मिक्सरपाशी बसून सगळं ऐकतो. (भाविक म्हणून नाही; भोंग्यात शिट्टी कुठून येते ते शोधायला ऐकावंच लागतं.) शाळा अर्धी राहिली, पण कान पूर्ण शिकला. त्या कानाच्या भरवशावर सांगतो, पास्टर हिरालालसारखा माणूस मी आजवर माइकवर ऐकला नाही.

झालं असं की आदल्या दिवशी त्याच मैदानात लग्न होतं. तोच मंडप सोडून पुन्हा बांधण्यात काय अर्थ, म्हणून तो तसाच ठेवला आणि स्टेजमागच्या सजावटीवर आमच्या नत्थूने पांढरा पडदा ओढला. पास्टर रंगात आले. यिर्मया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट चालली होती. देवाने त्याच्या तोंडून सांगितलं, असे दिवस येतील की मी माझ्या लोकांशी नवा करार करीन. एवढं म्हणतात तोच पडदा सुटला. (वारा नव्हता, फर्राटा पंखा होता. हे आपण ध्यानात घ्यावं.) मागे पुरुषभर उंचीचं लाल थर्माकोलचं हृदय, त्यात आरपार बाण, आणि वर सोनेरी अक्षरात: ‘रोशन संग अंकिता’.

पोरं खिदळली. म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावला. मी मिक्सरखाली जागा आहे का ते पाहिलं. नत्थू शिडी घेऊन धावला आणि बाण उपटायला लागला, तर पास्टर मागे वळून माइकवरच म्हणाले, “राहू द्या ना भाऊ, उतरा खाली! यिर्मयाले जे सांगायचं होतं ते तुम्ही लावूनच ठेवलं!”

आणि मग त्या थर्माकोलला हात लावून त्यांनी जे सांगितलं, ते मी पंखा बंद करून ऐकलं. पहिला करार देवाने दगडी पाट्यांवर लिहून दिला होता. लोकांनी तो मोडला. देव म्हणतो, मी यांचा नवरा असूनही यांनी मोडला. आता बघा, आमच्या धंद्यात करार मोडणाऱ्याच्या दारात पुन्हा बांबू उतरत नाही. इथे मात्र ज्याचं नुकसान झालं, तोच नवा करार घेऊन निघाला! आणि या वेळी नियम दगडावर नाही, हृदयावर. म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला देव शिकवायची गरजच नाही, लहानथोर सगळे त्याला ओळखतील. (हे मला फार पटलं. माझ्या गोडाऊनात ‘खुर्चीवर उभे राहू नये’ अशी पाटी आहे. ती वाचायला लोक खुर्चीवर उभे राहतात.) जुन्या कराराच्या वेळी बैलांचं रक्त शिंपडलं होतं, नव्याच्या वेळी येशूने शेवटच्या जेवणात पेला उचलून सांगितलं, हे माझं रक्त, नव्या कराराचं; आणि दुसऱ्या दिवशी क्रुसावर ते सांडलं. चूक एकाची, रक्त दुसऱ्याचं. असा करार करणारी पार्टी मी तरी पाहिली नाही. आणि सगळ्यात शेवटचं कलम: त्यांच्या पापांची मी पुन्हा आठवण करणार नाही.

इथे मी अडलो. सभा सुटल्यावर चहा घेता घेता पास्टरांना विचारलं, “देवाले सगळं ठाऊक असते, मग तो विसरते कसा?” ते हसले. “विसरत नाही हो हेमराजभाऊ. पुन्हा काढत नाही.”

घरी आलो तर शकूने ताट वाढलं आणि समोर बसली. माझा एक भोंगा आमच्या गल्लीकडे तोंड करून होता आणि चहाच्या वेळीही माइक चालूच होता, हे मी विसरलो होतो.

“अजी, ऐकलं मी सारं. देव नाई काढत. तुमीच काऊन काढून राह्यले?”

मी काय काढतो ते आपल्याला ठाऊकच आहे. (गजेंद्रच्या लग्नात आपण अमरावतीचा मंडप आणला आणि भर पंगतीत म्हणालात, “हेमराजच्या मंडपात वऱ्हाड बसवू? वारा आला तं नवरदेव उडून जाईन!” शेजारी बसलेल्यांना ठसका लागला. मी तेव्हापासून प्रत्येक लग्नात हे सांगतो, आणि शकू तेव्हापासून माहेरी गेलेली नाही.) असो. ते मी आता काढणार नाही. आपल्या घरच्या सर्वांस यथायोग्य नमस्कार.

आपला,
हेमराज

ता. क. – वर्षालीचं लग्न ठरलं आहे. मुलीला मामाने मंडपात आणायचं असतं. शकूला दुसऱ्या कुणाचं नाव सुचवलं, तर ती उठून मोरीत भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती. मंडप मी उभारीन, मुलीचा हात धरून आपण आणावं. पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. दुसरा – शकूने पत्र वाचलं. म्हणते, “कंसातलं काढून टाका.” मी म्हटलं, पेनाने लिहिलेलं निघत नाही. ती म्हणाली, “देवाच्या वहीतलं निघते.” तेव्हा कृपा करून कंसातलं कुठलंच वाचू नये. बाकीचं वाचावं आणि यावं.

(वारा सुटलाच, तर आपल्याजवळचा खांब मी स्वतः धरून उभा राहीन.)