शिक्रापूरची दोन एकर दहा गुंठे

मी, मुक्ताबाई बापूसाहेब हरगुडे, वय ६१, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार शिरूर, आई येमाईला स्मरून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. साखर आहे, बीपी आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा रविराज व मुलगी वैष्णवी यांना निम्मे निम्मे. माडीवरची खोली माझे पती बापूसाहेब यांना हयातभर. दिवाणखान्यातले शपथविधीचे फोटो त्यांनी वर न्यावेत. माणसे येत होती तेव्हा ठीक होते, आता नुसती धूळ पुसावी लागते.

२. पोस्टातली रक्कम वैष्णवीला. ती बाजारहाटातून वाचवलेली आहे, साहेबांची कमाई त्यात नाही. सोन्याच्या पाटल्या माझ्या माहेरच्या, कवठे येमाईच्या. त्या माझा भाऊ ज्ञानू याच्या सुनेला. त्या घराचे आम्ही फार नुकसान केले, ते पुढे लिहिते.

३. शिक्रापूरच्या हद्दीत रस्त्यालगत दोन एकर दहा गुंठे जमीन माझ्या नावावर आहे, पण माझी नाही. ती म्हाळू ओव्हाळ यांची पिढीजात. १९९३ साली साहेब राज्यमंत्री होते. शेजारी कारखाने येणार हे त्यांना आधी कळले. म्हाळूंना कारखान्यांचे न सांगता, पडीक म्हणून ती त्यांच्याकडून मातीमोलाने घेतली. खरेदीखताला जाताना गाडीत साहेब म्हणाले, "सही करू नको. अंगठा लाव. लिहिता येत न्हाई म्हण." मी म्हटले, "अहो, मॅट्रिक झालेय मी." ते म्हणाले, "तेवढं शिक्षण आज घरी ठेव." मला ओळखणारा म्हणून ज्ञानूने सही केली.

१९९६ ला पेपरात आले. मंत्रिपद गेले, लाल दिव्याची गाडी गेली, चौकशी बसली. त्या दिवशी अंगठ्याचा अर्थ कळला. साहेबांनी लिहून दिले की बायको अडाणी, मेहुण्याने फसवून अंगठा घेतला, मला काही ठाऊक नव्हते. मीही शपथ घेऊन सांगितले, "मला वाचता येत नाही." साहेब सुटले. ज्ञानूची मास्तरकी गेली, दीड वर्षे तुरुंगात काढली. तेव्हापासून मी येमाईच्या पायऱ्या चढलेले नाही. खालूनच हात जोडते.

ही जमीन माझ्यामागे म्हाळूंच्या विधवा ताईबाई यांना द्यावी. रविराजला यंदा विधानसभेचे तिकीट हवे आहे, त्यापायी तो जमीन विकायला निघाला आहे. म्हणतो, "आई, जुनं उकरलं तर आबा आत जातील आन् मी घरी बसंन." बसावे.

४. इथवरचे लिहून गुरुवारी ताईबाईंना वाचून दाखवायला गेले. त्या भाकरी थापत होत्या, उठल्या नाहीत. ऐकून म्हणाल्या, "लई झ्याक वाचता की वैनीसाहेब. तवा कुठं गेलं व्हतं ह्ये?" मी कागदाची घडी घातली. "आन् मेल्यावर का? तुमच्या मरणाची वाट बघत बसू व्हय मी?" मी म्हटले, साहेब हयात आहेत, त्यांना उतारवयात तुरुंग नको. त्या म्हणाल्या, "माझा मालक सवताच्या रानाशेजारी, कंपनीच्या गेटावर वॉचमनकी करत मेला. त्याचं वय न्हवतं का?" भाकरी करपली, ती त्यांनी तशीच ताटात टाकली. मला बसा म्हणाल्या नाहीत.

५. म्हणून ठरवले आहे. सोमवारी २३ तारखेला मी रजिस्टर कचेरीत जाऊन जमीन ताईबाईंच्या नावे करून देणार, सही करून. खोट्या शपथेचा जबाबही देणार. शिक्षा होईल ती मला आणि साहेबांना होवो. ज्ञानू न्यायला येतो म्हणाला आहे. घरात कोणाला सांगितलेले नाही.

तिसरे कलम फक्त आजपासून सोमवारपर्यंतचे. तेवढ्यात मी गेले तर त्याप्रमाणे करावे, आणि चितेवर ठेवण्याआधी मी कशाने गेले ते बाहेरच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

सही: मुक्ताबाई बापूसाहेब हरगुडे

साक्षीदार (यांनी सही करताना पाहिले, मजकूर वाचलेला नाही):
१. खंडू गेणबा लोखंडे, पोस्टमन
२. रंगुबाई दामू शेळके, शेजारी

शिरूर, शनिवार, २१ ऑगस्ट २००४