फरशीला तडे कुणामुळे गेले

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आई वीस तारखेला हॉस्पिटलमधून सुटणार. मांडीचं हाड जुळलंय. येणार माझ्याकडेच, थोरला मी आहे. बाथरूमची फरशी निसरडी, म्हणून नवी बसवणार. धाकटा सांग-बे तीस वर्षं फरश्याच बसवतो. फोनवर म्हणाला, दादा, मी येऊन करून देतो. नको म्हटलं. मी एकतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. फरशी तर जागची हलतही नाही.

६ नोव्हेंबर
जुनी फरशी उखडलीच नाही. अख्ख्या चॉन्जू शहरात जुन्यावरच नवी चढवतात. चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार गोळे, वर टाईल, दाबली की झालं. बायको, मी-सुक, म्हणाली, अहो, मधे पोकळ नाही का राहणार? तिला म्हटलं, तू स्वयंपाकघरात किमचीचं बघ.

७ नोव्हेंबर
टाईलमधले सांधे ग्राउटच्या लेपाने भरले. ग्राउटमध्ये पाणी जरा सढळ घातलं, भराभर पसरतं. दुकानदार म्हणे, तीन दिवस हात लावू नका. त्याचं काय जातंय? आम्ही झोपतो ती गरम होणारी इलेक्ट्रिक चटई फरशीवर अंथरली, खाली प्लास्टिक. बटण सातवर. संध्याकाळपर्यंत दगड.

९ नोव्हेंबर
तडे! सगळ्या सांध्यांना. दुकानदाराने शिळा माल गळ्यात मारला. जाऊन चांगला झापला. तर मलाच विचारतो, पाणी किती घातलंत? गिऱ्हाइकाशी असं बोलतात?

११ नोव्हेंबर
खरवडून पुन्हा भरले. पुन्हा चटई. मी-सुक थंडीने कुडकुडते आहे आणि माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता.

१३ नोव्हेंबर
पुन्हा तडे. कारण सापडलं. वरच्या मजल्यावर पोरं उड्या मारतात. भांडायला गेलो. वर एक म्हातारा आणि त्याचं मांजर. मांजर जाड आहे. तसं सुनावून आलो.

१६ नोव्हेंबर
सांग-बे न बोलावता हजर. मी-सुकचा उद्योग. उकिडवा बसून हातोडीच्या दांड्याने एकेक टाईल वाजवत गेला. म्हणाला, दादा, सगळ्या पोकळ वाजतात. पाय पडला की टाईल दबते, मग सांधा तुटणारच. वर ओलं ग्राउट भाजून काढलंस. यावर आईला उभं करू नकोस. माझ्या घरात येऊन मला शिकवतो! हाकलला. जाताना वाकून नमस्कार केला, त्याने तर डोकंच फिरलं.

१९ नोव्हेंबर
बादली भरून ठेवली तर टाईल मधोमध फुटली. बादलीच जड. क्षणभर बादलीच्या जागी आई दिसली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून.

२० नोव्हेंबर
आईने व्हीलचेअरमधूनच विचारलं, आंघोळीची सोय झाली का रे? म्हटलं, दोन दिवस दे. ती सांग-बेच्या गाडीत जाऊन बसली. मला म्हणाली, तू थोरला ना, डिकीत सामान नीट लाव.

२४ नोव्हेंबर
सांग-बेची माणसं आमच्याकडे दोन्ही थर फोडताहेत. म्हणून आंघोळीला त्याच्याकडे गेलो. पाणी सोडतो तोच आईने वॉकरने दार ठोकलं. म्हणाली, भिंतीला दांडी आहे, ती धर, पडशील.
धरली.