भिंगरीचे केस

७ जुलै, सोमवार

पुन्हा शाळेची बस चुकली. कंगवा भिंगरीच्या केसांत अडकला तो अडकलाच. वर ओढला तर डोकं वर येतं, खाली ओढला तर डोळ्यांत पाणी. शेवटी कंगवा तसाच पाठीवर लोंबकळत ठेवून ती घरभर फिरली आणि मी तिच्या मागे मागे. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती ओठ घट्ट मिटून उभी राहते – दाताच्या डॉक्टरकडे नंबर आल्यासारखी.

हवा अशी की भिंतींना घाम फुटलाय. डब्यात मिठाचा दगड झालाय. कपाटातले वाळलेले कपडेही हाताला ओले लागतात. आणि तिचे केस! अंघोळ करून येते तेव्हा जरा खाली बसलेले असतात. मग एकेक केस जागा होतो, अंग ताणतो, शेजारच्याला ढकलतो. दप्तर भरून होईपर्यंत डोकं दुप्पट.

माझे केस पट्टीनं आखल्यासारखे. गुंता म्हणजे काय ते जन्मात माहीत नव्हतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू बसवते, एक हातातून सुटत नाही. आणि नऊ वर्षांच्या पोरीची एक वेणी घालता येत नाही.

तिच्या बाबांशी लग्न होऊन काही महिनेच झालेत. तिची आई जाऊन दोन वर्षं. भिंगरी मला अजून कोणत्याच नावानं हाक मारत नाही. 'ऐक ना' म्हणते. चालेल. पण मी कंगवा हातात घेतला की तेवढंही म्हणत नाही.

८ जुलै, मंगळवार

रबर तुटलं. मागोमाग माझा धीर. टोपी घालून पाठवली.

१० जुलै, गुरुवार

दुकानात ज्याला त्याला विचारत सुटलेय. काउंटरवरची मुलगी म्हणाली, जेल लाव. लावलं. सकाळी डोकं कसं चापूनचोपून! दुपारी ते वाळलं आणि त्याचे पांढरे पापुद्रे उडायला लागले. वर्गातल्या पोरांनी 'कोंडा, कोंडा' करून तिला भंडावून सोडलं. तेल लावून पाहिलं – केस तेवढेच फुगलेले, वर तेलकट. शेजारणीनं केस सरळ करायचं मशीन दिलं. त्यानं सरळ झाले खरे, पण शाळेच्या फाटकापर्यंतच टिकले. केस करपल्याचा वास मात्र दिवसभर माझ्या बोटांना.

आणि हा, माझा नवरा! लिफ्ट दुरुस्त करतो. शहरातल्या कुठल्या लिफ्टला कसला आजार आहे हे त्याला तोंडपाठ. पण घरात केस विंचरायला घेतले, की चहाचा कप उचलून गॅलरीत. आमच्याकडे पाठ. बाहेर पावसाची झड असली तरी तिथेच, भिजत. आज मी म्हटलं, जरा तिचं डोकं तरी धर. तो न वळताच म्हणाला, "कापून टाका ना. रोजची कटकट कशाला?"

असं तोडून बोलणारा माणूस नाही तो. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही 'सरक रे बाबा' म्हणतो. भिंगरीनं ऐकलं. मान खाली घातली आणि माझ्या हातातून केस सोडवून घेतले.

दुकानात चित्त नव्हतं. एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली.

१३ जुलै, रविवार

ताई आल्या होत्या. नवऱ्याची मोठी बहीण. बाई मायेची, पण घरात शिरल्या शिरल्या कामाला लागतात – पडदे सरळ करतात, डब्यांची झाकणं बदलतात. आज नजर भिंगरीच्या डोक्यावर गेली. म्हणाल्या, अगं हे काय पाखरांना भाड्यानं दिलंय का? चांगला मुलांसारखा कट मारून आण, पावसाळा संपेपर्यंत सुटशील.

मला वाटलं भिंगरी थयथयाट करेल. ती म्हणाली, "हो. कापूया."

इतक्या चटकन! जसं कुणी विचारायचीच वाट पाहत होती. तो म्हणाला, चांगलं होईल. ताई म्हणाल्या, माझ्या ओळखीचं पार्लर आहे, पुढच्या रविवारी वेळ घेते. झालं. सगळ्यांचं एकमत. फक्त मलाच ते नको होतं.

का पण? रोज सकाळी रडकुंडीला मीच येते. सुटका माझीच होणार आहे. खरं सांगायचं तर आधी मनात आलं ते हे – लोक म्हणतील, सावत्र आईनं आल्या आल्या पोरीचे केस कापले. लाज वाटली तसं मनात आल्याची. पण तेवढंच नाही. काहीतरी चुकतंय. हसतमुखानं केस कापून घेणारी मुलगी वेगळी. ही हसत नव्हती.

१४ जुलै, सोमवार

नखं कापायची कात्री घेऊन बाथरूममध्ये. मी दार ढकललं तेव्हा बेसिनमध्ये मूठभर केस पडलेले आणि कानामागे एक खड्डा. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडले नाही. विचारलं, रविवारपर्यंत दम निघाला नाही का गं? म्हणाली, "एकदाचं होऊन जाऊ दे."

हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलीचं नव्हे.

खड्ड्यावर बाजूचे केस ओढून घेतले, पिन लावली. त्याला सांगितलं नाही. तिनंही नाही. आमच्या दोघींमधलं हे पहिलं गुपित – आणि तेही असलं.

१६ जुलै, बुधवार

आज दुकानातून लवकर निघाले आणि भिंगरीच्या आजीकडे गेले. तिच्या आईच्या आईकडे. आमच्या लग्नाला त्या आल्या नव्हत्या. मी त्यांच्या घरी कधी पाऊल टाकलं नव्हतं. जिन्यात दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा वरचं दारच उघडलं – कचऱ्याचा डबा हातात घेऊन त्या उभ्या.

आणि डोक्यावर तेच केस! पांढरे, पण तेच. दिव्याच्या उजेडात कापूस पिंजून ठेवल्यासारखे.

मी कोण ते सांगायची गरज पडली नाही. आत या म्हणाल्या नाहीत, पण दार उघडं ठेवून आत गेल्या. मी मागोमाग गेले. काय बोलायचं ते येताना घोकलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, मला तिचे केस विंचरता येत नाहीत. रविवारी कापणार आहेत. मला ते नकोय, पण का नकोय ते सांगता येत नाहीये.

त्यांनी कचऱ्याचा डबा खाली ठेवला. मग विचारलं, "कोरडे विंचरतेस?"

"हो."

"मग काय होणार."

एवढाच काय तो राग. बाथरूमच्या दारात स्टूल ठेवून त्या बसल्या, अंबाडा सोडला आणि म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर शीक. पोरीवर प्रयोग नकोत."

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. अनोळखी बाईचं डोकं धुतलं आज! पाणी पार आतपर्यंत जिरू द्यायचं. कंडिशनर टाळूला नाही, केसांच्या टोकांना, भरपूर. मग बोटांनीच मोठा गुंता सोडवायचा. मग मोठ्या दातांचा कंगवा – टोकापासून सुरुवात, आणि थोडं थोडं वर. मी सवयीनं वरून लावला तर हातावर चापट बसली. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती कापडानं नुसतं दाबायचं. मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. अजिबात नाही.

म्हणाल्या, हे केस तहानलेले असतात. कोरडे ठेवलेस तर हवेतलं पाणी ओढून फुगतात. तू आधीच पोटभर पाज, मग हवेकडे मागायला जायचे नाहीत.

त्यांच्या लेकीबद्दल मी विचारलं नाही. त्याच मधेच म्हणाल्या, तिला या सगळ्याचा भारी कंटाळा, कामावर सकाळची पाळी असायची, अंधारात घर सोडायची. मी विंचरत राहिले. माझ्या हाताखाली मान जड होत गेली. रडत होत्या की डुलकी लागली होती, कळलं नाही. मी पुढे वाकून पाहिलं नाही.

निघताना त्यांनी त्यांचाच मोठा कंगवा माझ्या पिशवीत टाकला. दार लावता लावता म्हणाल्या, "परत येत जा."

१७ जुलै, गुरुवार

नव्या पद्धतीनं केस धुऊन देते म्हटलं, तर भिंगरीनं बाथरूमची कडी लावून घेतली. म्हणे, दोन दिवसांसाठी कशाला?

१९ जुलै, शनिवार

आज जमलं! आधी ते लिहिते, मग बाकीचं.

दुपारी घरात दोघीच. मी तिला म्हटलं, कापायचे तर कापू, पण कापायच्या आधी एकदा आजीच्या पद्धतीनं करू दे, शिकलेलं वाया नको जायला. आजीकडे गेले होते म्हटल्यावर तिनं चमकून पाहिलं. मग अट घातली – दुखलं की ती हात वर करणार आणि मी थांबणार. तिथल्या तिथे. कबूल.

पहिल्यांदा हात सारखा वर. मी सारखी थांबत होते. ती खरंच थांबते का तेच बघत होती लबाड. मग हात वर येईनासा झाला. मग ती बोलायला लागली – वर्गातल्या एका मुलीचा पडलेला दात, सरांचा किंचाळणारा बूट, कुणीतरी खिडकीतून फेकलेला डबा. कान एवढे टवकारून मी कधी काही ऐकलं नसेल. कानामागच्या खड्ड्याशी आले तेव्हा ती फिसकन हसली. मीही.

वाळल्यावर काय दिसले केस! एकेक बट वेगळी, वळून खाली आलेली, पाण्यात सोडलेल्या शाईसारखी. बाहेर तीच घामट हवा, पण एक केस उभा राहिला नाही.

तिनं आरशात जेमतेम पाहिलं. दाराकडे बघत बसली. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर. हा आला. दारातच थबकला. तिच्याकडे पाहिलं – मी सांगते, पाहिलं, चांगलं पाहिलं – आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. हत्यारांची पेटी तशीच हातात, म्हणाला गाडीत काहीतरी राहिलं, आणि खाली गेला तो जेवायच्या वेळेपर्यंत आलाच नाही.

भिंगरीनं दोन्ही हात डोक्यात घातले आणि खसाखसा केस विस्कटले. सगळं पुन्हा घरटं. म्हणाली, "उद्या किती वाजता जायचंय?"

इतका संताप आला मला त्याचा! जेवताना एक शब्द बोलले नाही. त्यालाही बोलायचं नव्हतं, त्यामुळे ते वायाच गेलं.

२० जुलै, रविवार

ताई दारात घ्यायला आलेल्या. पार्लरमध्ये भिंगरी उंच खुर्चीत, गळ्याभोवती कापड, त्यातून एवढंसं तोंड वर आलेलं. पार्लरवालीनं केस हातात घेतले आणि म्हणाली, नक्की ना? असे केस करून घ्यायला माझ्याकडे लोक येतात. ताई म्हणाल्या, नक्की. भिंगरी म्हणाली, नक्की.

मी म्हटलं, थांबा.

ताईंना बाहेर बसायला सांगितलं. आतापर्यंत त्यांना असं काही सांगायची हिंमत केली नव्हती. खुर्चीपुढे उकिडवी बसले आणि विचारलं, तुला हवंय म्हणून कापायचेत की आणखी कशासाठी?

ती कापडाच्या आत बोटं चाळवत राहिली. मग म्हणाली, "बाबांना माझे केस आवडत नाहीत."

मी म्हटलं, असं कुणी सांगितलं?

"कुणी नाही. आधी रोज तेच विंचरायचे. आई तर सकाळी नसायचीच. आई गेल्यापासून त्यांनी एकदापण हात लावला नाही. तू येईपर्यंत माझे मीच कसेबसे बांधायचे." मग अगदी हळू, "कापले तर बघतील माझ्याकडे."

इतके दिवस मला वाटत होतं, या घरात माझ्या हाताची परीक्षा चाललीय. तिला आईचा हात हवाय आणि तो माझ्याकडे नाही. माझ्या हाताचा तर प्रश्नच नव्हता!

कापड सोडलं. केस होते तसे घेऊन घरी आलो.  फाटकापाशी ताईंनी भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला – हात अडकला, तो हळूच सोडवून घेतला.

भिंगरी खेळायला गेल्यावर त्याला सगळं सांगितलं, कात्रीपासून. तो पलंगाच्या काठावर बसला होता. बराच वेळ नुसते पंजे उघडून बघत राहिला. मग म्हणाला, "शेवटी शेवटी भिंगरीच्या आईला हात वर उचलता येत नव्हता. तिचे मीच विंचरायचो. ती गेली त्या सकाळीसुद्धा. पोरीच्या केसांत हात घातला की तेच केस हाताला लागतात गं."

 आता ते मला ठाऊक आहे आणि तिला नाही, हे मला सहन होणार नाही. म्हटलं, हे तिला सांग. मला सांगून उपयोग नाही.

२१ जुलै, सोमवार

सकाळी त्यानं माझ्या हातातून कंगवा घेतला. केस ओले होते. टोकापासून सुरुवात केली – त्याला कुणी सांगावं लागलं नाही. कंगवा एका ठिकाणी अडकला. दोघंही थांबले.

"दुखतंय?"

"हो," भिंगरी म्हणाली. "पण थांबू नका."